कुमुदकाकूंचा न कापलेला धागा

कुमुदकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळचे दहा वाजले असतील. त्यांची सून नीता बोलत होती. "अनुताई, आई गेल्या... चहा घेतला, जरा पडते म्हणाल्या, नि बस." मी "अरे देवा" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. शेजारचं माणूस गेलं नि ही बाई भाजी निवडत बसली, किती कोडगी म्हणावी, असं कुणालाही वाटेल. वाटू दे. खरी गोष्ट अशी की मला त्या घरी जायची भीती वाटत होती. तरसालीतल्या आमच्या सोसायटीत त्यांचं घर माझ्यापासून चौथं, पण ती चार घरं ओलांडायला मला पाऊण तास लागला. त्याला आता दोन महिने होत आले. हे लिहायला बसायला त्याहून जास्त धीर लागला.

बडोद्याची थंडी ती केवढी! डिसेंबर-जानेवारीत पंधरा दिवस स्वेटर निघतो आणि संक्रांतीचे पतंग उतरले की परत पेटीत जातो. तरी आमच्या सोसायटीत विणणाऱ्या बायका दर घरात एक. आणि प्रत्येकीच्या कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक अर्धा स्वेटर. पाठ विणून झालेली, पुढचे दोन भाग झालेले, दोन्ही बाह्या झालेल्या... आणि तिथे सगळ्यांचं अवसान गळालेलं. विणायला मजा येते हो, गप्पा मारता मारता हात चालतात. पण ते तुकडे जोडणं, गळ्याचे टाके उचलणं, काजं, बटणं, लोंबणाऱ्या धाग्यांची टोकं आत लपवणं, म्हणजे ज्यानं त्या ढिगाचा अंगात घालायचा कपडा होतो, ते सगळं कंटाळवाणं. ते काम कुमुदकाकूंचं. आमच्या पिशव्या त्यांच्या खिडकीच्या गजांना टांगलेल्या असायच्या. स्वतः त्यांनी कधी नवीन काही विणायला घेतल्याचं मला आठवत नाही. "मला नवीन सुचत नाही गं. कुणाचं अडलेलं पुरं करायला बरं वाटतं," म्हणायच्या. काका रेल्वेत होते, ते गेल्यावर या पिशव्यांनीच त्यांचा दिवस भरायचा.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी सगळे तुकडे ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवायचे, मग चादरीवर टाचण्या लावून सपाट वाळवायचे. शिवण त्याच लोकरीनं, पण ओढून नाही. "अंगाला चावता कामा नये." शिवून झालं की कपडा उलटा करून उजेडात धरायचा. सुलट बाजू काय, सगळेच दाखवतात, असं त्यांचं म्हणणं. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, लोकांच्या चुका दाखवण्यातच जन्म गेला माझा, तेव्हा त्यांनाही मी सोडत नसे. त्या काजाला गुजरातीतलं 'गाज' म्हणायच्या. "काकू, काज! गाज समुद्राची असते!" त्या हसायच्या. "तुझं काज, माझं गाज. बटण तर बसतं ने?"

आणि एक रीत होती त्यांची, ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेली नाही. सगळं झालं की शेवटचा एक धागा त्या कापायच्या नाहीत. गाठ मारलेली, टोक आत ओवलेलं, फक्त वीतभर लोकर बाहेर ठेवलेली. कपडा न्यायला आलात की हातात कातर द्यायच्या. "हा तू काप. विणलंयस तू. मी कापला तर ते माझं होईल." मोठमोठ्या बायका त्यांच्यासमोर शहाण्या मुलीसारख्या तो धागा कापायच्या, मग काकू म्हणायच्या, "हां, आता पुरं झालं." त्या एका 'कच्'नं आम्हाला वाटायचं की सगळा स्वेटर आपणच केला! हा मोठेपणा त्या आम्हाला फुकट वाटत होत्या हे माझ्या कधी ध्यानातही आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी कॅनडात माझ्या मुलाला मुलगा झाला. मी पिवळ्या लोकरीचा स्वेटर, टोपी आणि मोजे विणले आणि अर्थातच काकूंकडे टाकले. पाणीगेटला एक ओळखीच्या बाई राहतात, त्या त्याच दिवशी कॅनडाला निघणार होत्या, चारच्या आत पार्सल पोचवायचं होतं. मी रिक्षा दारात उभी करून काकूंच्या घरात शिरले. रिक्षावाला हॉर्न मारतोय, मी पिशवीत कोंबतेय. काकू कातर शोधत म्हणाल्या, "अनू, शेवटचा धागा ठेवलाय हं, उजव्या बाहीत, आतून. थांब, काप नि मग ने." मी म्हटलं, "हो हो, घरी कापते." घरी कुठली, मी तर थेट पाणीगेटला निघाले होते. त्या अंगणापर्यंत मागे आल्या. "अनू, विसरू नको. बाळाचं आहे." मी रिक्षातून हातसुद्धा हलवला.

तीन आठवड्यांनी सुनेचा व्हिडिओ कॉल. माझ्या शेजारी आमच्या सोसायटीतल्या रेखाबेन बसल्या होत्या, नातू बघायला हौसेनं आलेल्या. श्रुतीचा चेहरा उतरलेला. बाहीच्या आत धागा राहिला होता, तो बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला, बोट लालभडक झालं, बाळ का रडतंय ते तिला बराच वेळ कळेना. वेळेवर सापडलं म्हणून निभावलं. "आई, असं कसं राहिलं?" तिनं विचारलं. रागावून नाही, नुसतं विचारलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, ते शेवटचं काम आमच्या काकू करतात. वय झालंय त्यांचं. हल्ली विसरतात." किती सहज निघालं! जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही उगाच नाही. रेखाबेननी मान हलवली. "साची वात छे, हवे उंमर थई." खरंच आहे, आता वय झालं.

त्या रात्री मला सगळं लख्ख आठवलं. हॉर्न, कातर, माझं 'हो हो'. सकाळी उठून रेखाबेनकडे जायचं, श्रुतीला फोन करायचा, एवढंच काम होतं. दोन मिनिटांचं. मी केलं नाही. नातवाच्या बोटाला आजीच्या धांदलीनं इजा झाली, हे सुनेला सांगायची माझी छाती झाली नाही. एकदा राहिलं ते राहिलंच.

सोसायटीत बातमी फिरायला वेळ लागत नाही. आठ दिवसांत काकूंच्या कानावर गेली. त्या स्वतः माझ्याकडे आल्या. खुर्चीत बसल्या, पाणीही घेतलं नाही. आधी बाळाचं विचारलं, बोट बरं आहे ना, नीट हलवतो ना. मग म्हणाल्या, "अनू, एक खरं सांग. मी तुला धाग्याचं सांगायला विसरले का गं? मला वाटतंय सांगितलं होतं. अंगणात आले होते मी तुझ्यामागे... का ते दुसऱ्या कुणाच्या वेळचं?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. भांडायला आल्या असत्या तर मी कबूल केलं असतं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलेय. पण त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांना फक्त स्वतःच्या डोक्याबद्दल विचारायचं होतं आणि ते सांगू शकणारी जगात मी एकटीच होते. मी म्हटलं, "जाऊ दे ना काकू. वयात होतं असं."

"हो ने," त्या म्हणाल्या. उठल्या आणि गेल्या.

त्यानंतर पिशव्या कमी होत गेल्या. रेखाबेन लहरीपुऱ्याच्या बाजारातून मशीनवर जोडून आणायला लागल्या, त्यांचं पाहून बाकीच्या. मी मात्र काकूंकडेच देत राहिले. ह्याला निष्ठा म्हणू नका, लाज झाकायला दुसरं काही हाताशी नव्हतं. कपडा न्यायला गेले की त्या कातर द्यायच्या, धाग्याचं तीन-तीनदा सांगायच्या आणि माझ्या तोंडाकडे पाहायच्या. "सांगितलं ने मी?" मी म्हणायचे, "हो काकू, सांगितलंत." दर वेळी वाटायचं, आता बोलावं. दर वेळी मी धागा कापून घरी यायचे.

तेराव्याला बाहेरच्या खोलीत आम्ही सगळ्या बसलो होतो. कुणी त्यांच्या हाताचं कौतुक करत होतं. रेखाबेन हळहळून म्हणाल्या, "छेल्ले छेल्ले बिचारां बहु भूली जतां." शेवटी शेवटी फार विसरायच्या बिचाऱ्या. माझंच वाक्य. गावभर फिरून माझ्यासमोर येऊन बसलेलं. तोंड उघडलं होतं मी, खरंच उघडलं होतं... आणि म्हणाले, "हं."

नीता मला आत घेऊन गेली. काकूंच्या पलंगावर बसून ती जे बोलली ते मला अजून ऐकू येतं. बाळाच्या स्वेटरनंतर काकूंनी गॅसजवळ जायचं सोडलं होतं. "मी विसरते, घर पेटेल," म्हणायच्या. चहासुद्धा नीतानं करून द्यायचा. देवळात एकट्या जाणं बंद. घराची किल्ली परत दिली. शेवटी मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला. "डॉक्टरांनी खूप प्रश्न विचारले अनुताई, सगळ्यांची बरोबर उत्तरं दिली. डॉक्टर म्हणाले, माजींना काहीच नाही झालं, माझ्यापेक्षा जास्त लक्षात राहतं त्यांना. पण आईंना पटलंच नाही. रिक्षात मला म्हणाल्या, डॉक्टरला काय माहीत? अनू म्हणाली ने."

मी तिथे रडले. नीताला वाटलं, काकूंसाठी रडतेय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, तो मी फिरवू दिला.

मग तिनं खिडकीच्या गजाची पिशवी काढून दिली. आमच्या ह्यांचा राखाडी स्वेटर. जोडलेला, गळा बसवलेला, सहा बटणं लावलेली. उलटा करून पाहिला, एक शिवण ओढलेली नाही. विसरणाऱ्या बाईचं काम! डाव्या बाहीत वीतभर धागा होता आणि त्याच्याजवळ सेफ्टी पिननं वहीच्या कागदाचा एक तुकडा लावलेला. नीता म्हणाली, दोन वर्षं त्या प्रत्येक कपड्याला अशी चिठ्ठी लावायच्या, माणूस यायच्या आधी वाचायच्या आणि काढून ठेवायच्या, कुणाला दिसू नये म्हणून. ही काढायची राहिली होती. त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : 'अनूला सांगायचे आहे. विसरायचे नाही.'

तो स्वेटर माझ्या कपाटात घडी करून ठेवला आहे, चिठ्ठीसकट. ह्यांनी दोनदा मागितला, मी काही ना काही सांगून टाळलं. काल मात्र श्रुतीला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, "त्यांना सांगायला हवं होतं, आई." आज हे तुम्हा सगळ्यांना सांगतेय. रेखाबेन मराठी वाचत नाहीत, त्यांना संध्याकाळी घरी जाऊन सांगेन, त्यांच्या भाषेत. कुमुदकाकू काहीही विसरल्या नव्हत्या. त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं, एकदा घरात आणि एकदा अंगणात. मी दोन्ही वेळा ऐकलं होतं.