ओर्मोनचा वाटा

शार्शेन-आके, म्हणजे आमचा शार्शेनदादा, गेल्यापासून मला सगळे सांगतात, मुकाश, त्याच्याबद्दल दोन शब्द चांगले बोल. बोलेन, पण खरं तेच बोलेन. लढाईत दोन वर्षं मी त्याची शिध्याची गाडी हाकली. जर्मनांनी दिला नसेल तेवढा ताप मला या माणसाने दिला.

लढाईआधी तो आमच्या आतबाशीच्या खोऱ्यात लग्नाकार्यात मांस वाटायचा. हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही. कुठलं हाड कुणापुढे जायचं ते वयावरून आणि नात्यावरून ठरतं, आणि एक हाड चुकलं तर दोन घरांचं बोलणं बंद होतं. जो येऊ शकला नाही, आजारी आहे किंवा कळपामागे डोंगरात आहे, त्याचा वाटा फडक्यात बांधून घरी पाठवायचा. शार्शेन-आकेच्या हातून असा एकही वाटा कधी राहिला नाही. त्याला रशियन लिहिता-वाचता येत होतं, घोड्यांतलं कळत होतं, म्हणून सैन्याने त्याला लेफ्टनंट केलं आणि आमच्या पायदळ बटालियनचा शिधा त्याच्या ताब्यात दिला. आपण कुणाच्या हाती काय देतोय हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मला कोण विचारतो.

खरं म्हणजे काम सोपं होतं. पाव मोजायचा, कापायचा, पोचवायचा. पण हा गृहस्थ तोफा धडधडत असताना सुरी थांबवून विचारायचा, "मुकाश, दुसऱ्या कंपनीतला तो दाढीवाला कझाक, त्याचं वय काय असेल रे?"

"आके, त्याला भूक लागलीय. वय नंतर विचारा."

"पन्नाशीचा असला तर त्याला कडेचा तुकडा नको. चावणार कसा?"

तोवर लापशीचा गोळा व्हायचा, घोडी कुडकुडायची आणि मी लगाम धरून ताटकळत उभा.

एकोणीसशे त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत आमची तिसरी कंपनी गोठलेल्या नदीवरून पलीकडे गेली आणि मागचा बर्फ तोफांनी फुटला. त्रेचाळीस माणसं पलीकडे अडकली. त्यांत माझा धाकटा भाऊ ओर्मोन होता. तीन दिवस काही खबर नाही. चौथ्या दिवशी सकाळी वरून कागद आला की ही त्रेचाळीस नावं शिध्याच्या यादीतून काढा.

आकेने कागद वाचला, घडी करून टोपीत खोचला आणि राखीव साठ्यातून त्रेचाळीस जणांचा पाव कापायला बसला.

"आके, नावं काढलीत त्यांची," मी म्हणालो.

"कुणी सांगितलं?"

"कागद आलाय की. तुमच्या टोपीत आहे."

"मेल्याची बातमी कागदावर येते होय? वडीलधारी माणसं आली? बसली? तोंडाने सांगितलं कुणी?"

आमच्याकडे रीत तशीच आहे. गावातली चार म्हातारी माणसं घरी येतात, बसतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि मग सांगतात. तोवर माणूस जिवंत, आणि त्याचा वाटा काढायचाच. पण ते आतबाशीत. मी म्हणालो, "ही लढाई आहे, आके."

"माणसं आपलीच आहेत ना?"

झालं. रोज पहाटे तो त्रेचाळीस पुडकी बांधायचा, प्रत्येकावर नाव. ती लादून मी नदीकाठी जायचो, कुणी आलं तर हाताशी असावीत म्हणून, आणि दुपारी सगळी तशीच परत आणायचो. ओर्मोनचं पुडकं नेमकं वर असायचं. मला राग का यायचा ते सांगतो. भाऊ मेला असं कुणी एकदा सरळ सांगितलं असतं, तर मी रडून मोकळा झालो असतो. हा माणूस रोज सकाळी त्याचा पाव माझ्या हातात ठेवायचा.

पुडकी बांधायला लागल्याच्या सातव्या दिवशी आमच्या बटालियनच्या मेजर गोर्देयेवला कळलं. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, वाईट नव्हता, पण तेव्हा कपाळाची शीर तटतटली होती. "राखीव साठा मेलेल्यांना वाटतोस? यासाठी माणसं भिंतीला उभी करतात, लेफ्टनंट."

"साठा जागेवरच आहे, मेजर," आके म्हणाला. त्याने ताडपत्री उचलली. सात दिवसांची सगळी पुडकी रचून ठेवलेली, एक तुकडा कमी नाही. "फक्त प्रत्येकावर नाव आहे."

"उद्या सकाळी ही पुडकी सुटलेली दिसली पाहिजेत. नाहीतर लष्करी न्यायालय."

आके मान हलवून बरं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पुन्हा गाडी भरायला लागला. मी त्याला नाही नाही ते बोललो. तुम्हाला गोळी घालतील, तुमच्यासोबत मलाही घालतील. तो म्हणाला, "ती वरची गाठ घट्ट बांध."

त्या सकाळी पुन्हा गोठलेल्या बर्फावरून पलीकडचे एकोणीस जण सरपटत आले. पावाची वीट झाली होती. त्यांनी ती दगडाने फोडून खाल्ली. मेजर बाजूला उभा राहून बघत होता. न्यायालयाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मग आके त्या एकोणिसांपुढे बसला आणि एकेक नाव घेत गेला. तेवीस जणांबद्दल कुणी ना कुणी सांगितलं की पडताना पाहिलं. तेवढी पुडकी त्याने सोडली. एक राहिलं. ओर्मोन मागे होता म्हणे, नंतर कुणाला दिसला नाही.

लढाई संपल्यावर मेलेल्यांपैकी जे आमच्या खोऱ्यातले होते, त्यांच्या घरी आके म्हाताऱ्यांना घेऊन गेला आणि तोंडाने बातमी सांगितली. आमच्या घरी एकटाच आला, आईच्या हातचा चहा प्यायला आणि गेला. पुढच्या लग्नात त्याने आईपुढे पुडकं ठेवलं. "हा ओर्मोनचा."

बावीस वर्षं आईने ती पुडकी दोन्ही हातांनी घेतली. मी त्याला शंभरदा म्हणालो, "आके, सांगून टाका तिला."

"मी पाहिलं नाही. तू पाहिलंस?"

आई गेली. तिच्या जेवणावळीतही त्याने पुडकं बांधलं आणि माझ्या हातात दिलं. त्यानंतर दर कार्याला ते मीच घरी न्यायचो आणि त्याला शिव्या देत खायचो.

गेल्या शरदात एका सकाळी माझ्या दाराशी चार म्हातारे आले. त्यांतल्या आकेला दोघांनी धरून घोड्यावरून उतरवावं लागलं. ते बसले. गवताचं बोलले, खिंडीतल्या बर्फाचं बोलले. माझी सगळी मुलं घरात धडधाकट होती, मग हे कुणासाठी आलेत?

"मुकाश," आके म्हणाला, "तुझा भाऊ ओर्मोन लढाईत पडला. जिथे असेल तिथली माती त्याला मऊ लागो."

"कागद आला?"

"नाही."

"कुणी पाहिलं?"

"नाही. पण मी आता चाललो. माझ्यामागे त्याचा वाटा कोण काढणार? वाटा काढायचा नाही आणि नाव तेवढं जिवंतांत ठेवायचं, हे बरं नव्हे."

पंचेचाळीस वर्षं मी याच्यामागे लागलो होतो की सांगून टाक. आता सांगितलं, तर मी त्या म्हाताऱ्यांसमोर त्याच्या अंगावर ओरडलो. "तुम्हाला कुणी सांगायला सांगितलं होतं? मी काढला असता वाटा."

"तू?" आके म्हणाला. "तू तर तो खायचास."

मग आतून माझ्या बायकोने रीतीप्रमाणे रडायला सुरुवात केली, आणि मीही रडलो.