दिवाळीनंतरची मोजणी

…तर मीटरवर निघाले चारशे चाळीस किलोमीटर! काल इथंच थांबलो होतो ना आपण?

नगरहून पुण्याला जाऊन परत यायचं तर फार फार दोनशे चाळीस. मग वरचे दोनशे गेले कुठं? मोटार घेऊन गेलेला साहेब म्हणाला, "ट्रॅफिक लई होतं." आता बघा, ट्रॅफिकनं वेळ वाढतो, रस्ता कसा वाढेल? अजिनाथ सीट झाडायच्या निमित्तानं गाडीपाशी गेला आणि मागच्या सीटखालून एक चिठ्ठी घेऊन आला. काजवे बघायला आत सोडतात, त्याची चिठ्ठी, भंडारदऱ्याची! ती टेबलावर ठेवून अगदी अदबीनं म्हणाला, "साहेब, पुण्याचा रस्ता हल्ली भंडारदऱ्यावरनं काढलाय का? तसं असंल तर वहीत लिहून घेतो." साहेबाला आधी घाम फुटला, मग हसू. बिलातले दोनशे किलोमीटर त्यानं स्वतःच्या हातानं खोडले.

असा हा अजिनाथ. नगरच्या एमआयडीसीत एक कंपनी आहे, यंत्रांचे सुटे भाग करते. तिथल्या गाड्यांचा सगळा कारभार याच्याकडे. कामगारांना घरून आणायच्या तीन मिनीबस, साहेबलोकांच्या दोन मोटारी, कोण कुठं गेला, किती चालला, डिझेल किती प्यायलं, टोल किती भरला, सगळं त्याच्या वहीत. सोनईची गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तरी हा गेटवर येरझारा घालणार. आधी पाथर्डीला माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, मग इथं चिकटला. सात वर्षं झाली, पण नेमणूक कच्चीच. दरवर्षी साहेब म्हणायचा, "अजिनाथ, यंदा तुम्हाला कायम करतो." आणि दरवर्षी यंदा निघून जायचं.

यंदा मात्र खरंच व्हायचं होतं. जानेवारीच्या शेवटी पुण्याच्या मुख्य ऑफिसातून कागद आला. गाड्यांवरचा खर्च कमी करायचा; ज्या थांब्यावर सरासरी तीनपेक्षा कमी माणसं चढतात तो बंद; मागच्या तीन महिन्यांचे आकडे पाठवा. दुसऱ्या ऑफिसांनी पंधरा दिवस घेतले असते. अजिनाथनं दुपारी कागद वाचला, चार वाजता वही काढली आणि सहाला आकडे पाठवून मोकळा. रोज कोण कुठं चढलं ते वैजनाथ ड्रायव्हर त्याला फोनवर सांगायचा आणि हा लिहून ठेवायचा, त्यामुळं आकड्यात तिळाएवढी चूक नव्हती. पाथर्डीच्या गाडीला एक खडकाचा फाटा लागतो. तिथून गाडी साडेचार किलोमीटर आत गावात जायची आणि तेवढंच परत यायची. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, तिन्ही महिने तिथं चढणारं माणूस एक. सत्यशीला, पॅकिंगमधली.

पुण्याला आकडे आवडले. एक फेब्रुवारीपासून गाडी आत वळायची बंद झाली. तिथल्या साहेबानं फोन करून सांगितलं, "शाब्बास! मार्चला येताना तुमची ऑर्डर घेऊनच येतो."

अजिनाथ पेढे घेऊन घरी गेला. त्याची आई रंगुबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. तिची उभी हयात उसाच्या फडात गेली. अजिनाथचा जन्मही फडावरच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात झालेला, चाऱ्यासाठी उसाचे वाढे बांधता बांधता. पेढा तोंडात टाकून म्हातारीनं विचारलं, "कशाबद्दल रं?" यानं मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. कागद, वही, सरासरी, फाटा.

म्हातारी तांदूळ निवडायची थांबली. "कवा मोजलीस म्हनतोस मानसं?"

"नोव्हेंबर ते जानेवारी."

"म्हंजी दिवाळीनंतर?" आणि ती अशी हसली की दात नसलेलं सगळं तोंड दिसलं. "आरं लेका, दिवाळीनंतर आपल्याकडं गावात मोजाया ऱ्हातंय कोन? म्हातारी नि कुत्री! समदा गाव कोयत्याला गेलेला. आन् तू बसलास मोजत?"

अजिनाथनं हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. कारण म्हातारीचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. गुढीपाडव्यानंतर त्या फाट्यावर नऊ बाया चढतात. नवऱ्यानं मुकादमाकडून नवरा-बायको जोडीची आगाऊ उचल घेतलेली असते, म्हणून दिवाळी झाली की नवऱ्यामागं त्यांनाही ऊसतोडीला जावं लागतं. कंपनीतला ठेकेदार त्यांची नावं राखून ठेवतो, कारण त्यांचे हात कामाला बसलेले असतात. पाडव्याला परत आल्या की पुन्हा पॅकिंगला. हे सगळं अजिनाथला माहीत होतं. पुण्याच्या साहेबाला माहीत नसणं समजण्यासारखं आहे. त्याच्या लेखी नोव्हेंबर काय नि जून काय. पण फडावर जन्मलेल्या माणसाला? पुण्याच्या कागदात शेरा लिहायला एक रकाना होता. अजिनाथनं तो रिकामा ठेवला होता. एका ओळीचं काम होतं!

"आसू दे," म्हातारी म्हणाली, "सायबाला सांग, चुकलं म्हनून."

"सांगतो," तो म्हणाला. पण सांगितलं नाही. आपले आकडे चुकले म्हणायचं आणि वर कायमही करा म्हणायचं, हे जमायचं कसं? मार्च होऊ दे, कागद हातात पडू दे, मग सांगू. चोराला जशी काळोखाची, तशी याला मार्चची वाट.

इकडं सत्यशीलाचे हाल सुरू झाले. नवरा दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रकवरून पडून कमरेतून अधू झालेला, म्हणून हे घर कोयत्याला गेलं नव्हतं. एकटीच्या पगारावर चाललेलं. पहिली पाळी सातची. त्यासाठी गाडी फाट्यावर सव्वापाचला. गावातून तिथवर साडेचार किलोमीटर पायी, तेही नवऱ्याचं आवरून. चार दिवस आली चालत, पाचव्या दिवशी गाडी चुकली. मग सहाच्या पहिल्या जीपनं निघाली, तर कंपनीच्या गेटवर पोचायला पावणेआठ. तीन वेळा उशीर की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा, असा ठेकेदाराचा नियम.

अजिनाथनं आपल्या परीनं धडपड केली. वैजनाथला हळूच म्हणाला, "एखाद्या दिवशी घे की गाडी आत." वैजनाथनं घेतली. गाडीतल्या यंत्रानं लगेच पुण्याला कळवलं, की गाडीनं वाट सोडली. वैजनाथला पाचशे रुपये दंड! "भाऊ," तो म्हणाला, "तुमची माया लई, पर ती माझ्या पगारातनं नगा करू." दंड अजिनाथनं भरला. पण पाचशे रुपयांत मनाचं ओझं उतरत नाही.

मग त्यानं दुसरी युक्ती काढली. कंपनीचा नियमच आहे, कामासाठी भाड्याच्या गाडीनं आलात तर पैसे परत मिळतात, पावती पाहिजे. त्यानं सत्यशीलाला सांगितलं, "ताई, जीपवाल्याकडनं पावती आना." तिनं बिचारीनं मागितली. जीपवाला सूर्यभान, चौदा माणसं कोंबलेल्या जीपच्या बॉनेटवर हात ठेवून हसला. "पावती? आगं, जीपला नंबरची पाटी हाय तेच लई झालं! देवळातली देनगीची चालंल का?" जीपभर हशा पिकला. खाली मान घालून हे सगळं तिनं अजिनाथला सांगितलं आणि वर स्वतःच म्हणाली, "जाऊ द्या भाऊ. तुमी तरी काय करनार? पुन्याचा कागूद. तुमी हायेत म्हनून गेटातनं अजून आत सोडत्यात तरी."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. पण हे "तुमी हायेत म्हनून" अजिनाथला बाभळीच्या काट्यासारखं रुतलं. त्या दिवसापासून तो गेटवर उभा राहायचा बंद झाला. आठच्या सुमाराला, तिची यायची वेळ झाली की, मुद्दाम गॅरेजच्या मागं जायचा, टायरमधली हवा बघायचा. टायर सगळे टंच! तरी बघायचा. साहेबाचे दोनशे किलोमीटर सीटखालून काढणारा हा माणूस, स्वतःचे साडेचार मात्र झाकून बसला होता. जेवताना म्हातारी विचारायची, "सांगितलं का?" हा म्हणायचा, "सायब कामात हाय." म्हातारी मग दुसरी भाकरी वाढायची नाही, हा मागायचाही नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी पुण्याचे साहेब आले. त्याच सकाळी गेटवर ठेकेदारानं सत्यशीलाला निक्षून सांगितलं होतं, "बाई, सोमवारी सातला आत दिसलीस तर ठीक. न्हाईतर नाव खोडलं." तिनं पदर खोचला आणि पॅकिंगला गेली. गॅरेजमागून अजिनाथनं हे ऐकलं.

अकरा वाजता साहेबांनी त्याला आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. सात वर्षांत पहिल्यांदा. टेबलावर दोन कागद. एकावर अजिनाथचं नाव ठळक अक्षरांत. कायम केल्याची ऑर्डर. दुसरा साधा.

"अजिनाथ," साहेब म्हणाले, "तुमच्या आकड्यांनी दिवसाला अठरा किलोमीटर वाचले. पुण्याला मी तुमचंच उदाहरण देतो. आता एवढंच राहिलंय. तो फाट्याचा थांबा कायमचा काढायचा तर तुमचं लेखी लागतं, की वर्षभर तिथं इतकीच माणसं असतात. इथं सही करा, आणि हा तुमचा कागद घेऊन घरी जा. आईला पेढे द्या."

अजिनाथनं पेन घेतलं. टोपण काढलं. समोर चहा, बाजूला ऑर्डर. खिडकीतून पॅकिंगची शेड दिसत होती. त्यानं टोपण पुन्हा लावलं आणि पेन सरळ टेबलावर ठेवलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "वर्षभर एवढीच असतात ना?"

अजिनाथ खुर्चीतून उठून उभा राहिला. उभ्यानंच त्यानं जे उत्तर दिलं ते त्याच्याच शब्दांत सांगतो, त्यात माझी एक मात्रा नाही:

"न्हाई साहेब, आकडे खरे हायेत, पर म्हैने चुकीचे हुते, आन् शेऱ्यात ते मीच लिवलं न्हाई. आमच्याकडं दिवाळी झाली की गावंच्या गावं कोयत्याला जात्यात. पाडव्याला त्याच फाट्यावर नऊ बाया हुभ्या ऱ्हातील, आन् आज जी एक ऱ्हाती तिचं काम सोमवारी माझ्यापायी जातंय. म्हैनाभर मला समदं ठावं हुतं, ह्या कागदासाठी गप बसलो. कागूद तुमच्यापाशी ठिवा, साहेब, पर सोमवारी गाडी आत वळू द्या."