दोरी, घोंगडी आणि मुकी मैना

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. दुसरे काहीतरी जमवत असताना ते साचतात. मी जमवत होते निरीक्षणे. वहीच्या उजव्या पानावर कुत्र्याचे वय, वजन आणि वर्तन नोंदवायचे व डावे पान कोरे ठेवायचे, असा माझा नियम होता. त्या डाव्या पानावर हवालदार जगदाळे जे बोलत, ते मी केवळ गंमत म्हणून उतरवू लागले. काम संपताना पाहिले, तर डावी पाने आधी भरली होती.

महायुद्ध नुकतेच संपले होते. पुण्याच्या कॉलेजातून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी वडूजला वडिलांकडे आले होते. ते तिथे गुरांचे डॉक्टर. पलटणीत कुत्री शिकवून परतलेले हवालदार गावाबाहेरच्या आपल्या माळावर राखणीची कुत्री तयार करू लागले होते. अंगावर जाड चामडे बांधून चोर होण्याचे काम इस्माईलभाईंचे; मोटा आणि पट्टे शिवणे हा त्यांचा धंदा. आम्ही तिघे आणि सात पिल्ले.

हवालदारांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "पुढल्या वर्सीच्या दसऱ्यापातुर एक तरी कुत्रं खपलं तर ठीक. न्हाईतर मुंबईला गिरणीच्या फाटकावर मीच राखणदार."

*

पिल्लांच्या आधी त्यांनी माझीच परीक्षा घेतली. शेजारच्या वस्तीवरचा एक थोराड कुत्रा माझ्यापासून हातभर अंतरावर आणून उभा केला.

"भ्यालासा, बाई?"

"हो."

"मग चालतंय. खोटं बोलनाऱ्या मानसाकडनं कुत्रं कदी शिकत न्हाई."

*

पिल्लाचा स्वभाव जोखण्याची त्यांची एक रीत होती. फरशीवर पितळी तांब्या टाकायचा आणि पाहत राहायचे. पळून जाण्याला ते दोष मानत नसत. "दचकतंय समदंच. सावरतंय कोन, ते बगा."

पहिल्या दिवशी मैना नावाची कुत्री सर्वांआधी परतली. तिने तांब्या हुंगला आणि तो तांब्या व बाकीची पिल्ले यांच्या बरोबर मध्ये जाऊन ती बसली. आवाज काही केला नाही.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणे मला मान्य नव्हते. हाच प्रयोग सात दिवस करावा, असा मी आग्रह धरला. पाचव्या दिवशी तांब्या पडताच सातही पिल्ले शेपट्या हलवत धावून आली. सावरण्याची शक्ती सरावाने किती झपाट्याने वाढते, याविषयी मी उजव्या पानावर लिहीतही होते. तेवढ्यात हवालदारांच्या पत्नी अंजिराबाई दारात आल्या.

"आवं, भांडी घासताना मी उरलंसुरलं घालते त्यास्नी. भांडं वाजलं की भाकरी. येवढं कळाया कालेज लागतं व्हय?"

ते पान मी फाडले. पहिल्या दिवसाची नोंद मात्र राहू दिली.

*

कुत्री वर्षाची झाल्यावर इस्माईलभाई चामड्यावरून घोंगडी पांघरून चोर होऊ लागले. शेऱ्या हा आमचा मानाचा कुत्रा. लांब दोरीवरही त्याची झेप पाहण्याजोगी असे. एका सकाळी काही निराळे करून पाहावे म्हणून इस्माईलभाईंनी घोंगडी अंगावरून सोडून दिली आणि ते सरळ चालू लागले. शेऱ्याने घोंगडी धरली, झटकली, आपटली आणि मान ताठ करून हवालदारांच्या पायाशी आणून ठेवली. इस्माईलभाई तोवर बांधापलीकडे बसून बिडी पेटवत होते.

"हवालदारसाब," ते तिथूनच म्हणाले, "चोर घरी पोचला. घोंगडीला मातर जन्मठेप झाली."

हसणे ओसरले तसा हवालदारांचा चेहरा उतरला. वडूजच्या बाजाराला निम्मा तालुका खांद्यावर घोंगडी टाकून येतो. आमची कुत्री राखण शिकलीच नव्हती. ती हलत्या लोकरीची शिकार शिकली होती. पाठलागाची भूक वेगळी आणि राखणीची वृत्ती वेगळी, हे मी पुस्तकात वाचलेले होते. तरीही डोळ्यांसमोर तीन महिने घडत असताना ते मला दिसले नाही. घोंगडी त्याच दिवशी बंद झाली. नवा नियम ठरला: माणूस उभा आहे तोवर कुत्र्यानेही उभे राहायचे, आणि पाहायचे ते त्याच्या तोंडाकडे.

*

लोणंदच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याने गोदामासाठी कुत्रा दाखवायला बोलावले, तेव्हा दसरा पंधरा दिवसांवर आला होता. कोणता न्यायचा, हा हवालदारांच्या मते प्रश्नच नव्हता. दोरीला हिसके देत शेऱ्या असा गुरगुरे की वाटसरू माळाला वळसा घालून जात. उलट मैना कधी भुंकलीच नव्हती.

"ही मुकी. हिला कोन घेनार?"

मी म्हटले, "दोरी सोडून पाहू."

"बाई, इस्माईल फाटंल."

"फाटू द्या," इस्माईलभाई म्हणाले. "शिवनारा मीच हाय."

दोरी सोडली. इस्माईलभाईंनी काठी उगारून दोन पावले पुढे टाकली. शेऱ्या तीन पावले मागे आला आणि हवालदारांच्या पाठीमागून भुंकू लागला.

हवालदारांनी हातातल्या मोकळ्या दोरीकडे पाहिले. "म्हंजी इतकं दिस," ते म्हणाले, "दोरीच शूर हुती."

दुसऱ्या एखाद्याने अशा वेळी प्रयोगालाच नावे ठेवली असती. त्यांनी स्वतः जाऊन मैनेच्या गळ्यात नवा पट्टा बांधला. माझ्या पदवीपेक्षा मला त्या क्षणाचा अभिमान अधिक आहे.

*

शेऱ्या वाया गेला नाही. तो सांगलीकडे हवालदारांच्या बहिणीच्या शेतावर गेला. माणसापुढे तो टिकत नव्हता, पण पळत्याच्या मागे धावण्याची भूक शाबूत होती, आणि तिथे ऊस खाणारे कोल्हे होते. काही महिन्यांनी बहिणीने पत्र लिहवून धाडले: "आमच्या उसातलं कोल्हं गेलं. शेजाऱ्याच्या उसातलंबी गेलं. आता ह्याला कोल्हं कुटनं आनायचं, ते कळवावं."

*

लोणंदला आम्ही तिघे मैनेला घेऊन सर्व्हिस मोटारीने गेलो. शेटजींनी चोर म्हणून आपला हमाल गणपा दिला. तालमीतला गडी, दाराच्या चौकटीएवढा. इस्माईलभाईंनी त्याच्या हाताला खांद्यापर्यंत चामडे बांधले. गणपाने आत जायचे, पोते उचलायचे आणि बाहेर यायचे, एवढेच ठरले होते.

गणपाने पोते पाठीवर घेतले. मैना उठली, दाराच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि वर पाहू लागली. गणपा थांबला. पुढे काहीच घडेना.

"हवालदार," शेटजी म्हणाले, "ही भुंकत नाही, चावत नाही. हिचं करायचं काय?"

"तुमच्या मानसाला भाईर याया सांगा."

"गणपा, ये रं भाईर."

गणपा आला नाही.

"अरं, येवढं चामडं बांधलंय हाताला. भितोस कशाला?"

"मालक," गणपा ओठ न हलवता म्हणाला, "ती हाताकडं बगतच न्हाई."

शेटजी चिडून स्वतःच पुढे झाले आणि उंबऱ्यावर पाऊल टाकण्यासाठी त्यांनी पाय उचलला. मैनेने मान वळवली नाही. फक्त एक कान मागे केला. शेटजींनी उचललेला पाय होता तिथेच परत ठेवला.

"हवालदार," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हिला खायला काय लागतं?"