वरातीच्या फोटोतली घोडी

मित्रहो, आज सकाळी माझ्या पोट्टीले घेऊन बीरगांवला घोडी पाहायला गेलो होतो. तिले घोड्यावर बसायला शिकता यावं, मलेही रोज फिरता यावं, अशी सगळ्या कामाची, शांत घोडी पाहिजे होती.

घोडीवाला म्हणाला, "भैया, बरातों में चलती है. बम फूटे तो भी नहीं हिलती."

खरंच होतं. बाजूनं ट्रक भोंगा वाजवत गेला, तरी ती हलली नाही. मी तर मनातून घेऊनच टाकली होती.

पोट्टीनं तिले गूळ दिला. घोडीनं तोंडात घेतला अन् लगेच खाली टाकला. गुळाले रक्त लागलं होतं.

मी लगाम काढायला लावला. तोंडात राहते त्या लोखंडाले खिळ्यासारखे काटे होते.

"हे काहून?" मी ओरडलो.

"आप ही ने तो शांत माँगी थी."

घोडीले तिथंच सोडून आलो.

आमच्या हॉलमध्ये माझ्या वरातीचा फोटो आहे. त्यात घोडीचं तोंड उघडं आहे. इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याले मी कौतुकानं सांगत आलो, "पाहा, घोडीबी हसून राहिली!"

घरी आल्याबरोबर पोट्टीनं तो फोटो उतरवला.

तुमच्याही घरी असेल असा फोटो. त्यात घोडी हसून राहिली का?