आल्याच्या शेतातील हुरड्याविषयी खुलासा

त्या रविवारी फुलंब्रीच्या पुढे एका शेतात जे घडले, त्याच्या सध्या तीन हकिगती प्रचारात आहेत. एक माझ्या सूनबाई सांगतात, दुसरी मुख्याध्यापिकाबाई सांगतात आणि तिसरी माझा मित्र, ज्याने विचारले नाही त्यालाही सांगतो. पहिली अपुरी आहे, दुसरी फुगवलेली आहे, आणि तिसरी, मैत्रीचा पूर्ण आदर राखून लिहितो, बनावट आहे. म्हणून हा खुलासा.

मी निवृत्त मराठी शिक्षक आहे. हर्सूलच्या बाजूला असलेल्या आमच्या शाळेत, प्रवेशद्वाराजवळचा मोठा फळा मी नोकरीत असेपर्यंत सांभाळला. मुलांची कविता असो, सहलीचे वर्णन असो की संस्थाचालकांचे अभिनंदन, माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय त्या फळ्यावर काही चढले नाही. आता तो फळा उतरवला आहे. त्याचे काम वर्गाच्या ब्लॉगकडे आले आहे. मुलांनी लिहायचे, मोठ्यांनी तपासायचे, आणि तपासलेले सर्व पालकांच्या फोनवर जायचे, अशी ही व्यवस्था. सूनबाई त्याच शाळेत सहावीच्या वर्गशिक्षिका आहेत. तपासायला त्यांना सवड नव्हती, म्हणून हे काम त्यांनी आपणहून माझ्याकडे दिले. 'आपणहून' हा शब्द मी मुद्दाम लिहितो, कारण हल्ली त्या 'बाबांनी मागून घेतलं' असे सांगतात.

माझ्या फोनवर 'मंजूर' असे एक हिरवे बटण आले. हे बटण माझ्याकडे राहावे की काढून घ्यावे, एवढाच पुढच्या सगळ्या प्रकरणातला प्रश्न आहे. ज्यांना तो क्षुल्लक वाटतो त्यांनी आपला फळा कुणाला उतरवताना पाहिलेला नाही.

मी काम चोख केले. निबंधाखाली मुले 'छान', 'मस्त', 'लई भारी' असे लिहीत. मी ते परत पाठवी: काय छान? कशामुळे भारी? एका पालकांनी नुसता अंगठा पाठवला. मी त्यांना अंगठ्याचे कारण विचारले. हे गृहस्थ मोठ्या हुद्द्यावर आहेत असे सूनबाईंनी नंतर घाबऱ्या आवाजात सांगितले. परंतु त्या गृहस्थांनी पुढे चार ओळी लिहिल्या, आणि बऱ्या लिहिल्या.

दिवाळीनंतर ब्लॉगला नवी साधने जोडली गेली. मी नव्याचा शत्रू आहे ही अफवा आहे. मी प्रत्येक साधन वापरून पाहिले. निबंध मोठ्याने वाचून दाखवणारी एक बाई आली. ती 'माझा आवडता सण'सुद्धा घरात कुणी आजारी असल्यासारखी वाचते, पण उच्चार स्पष्ट आहेत. मुलाच्या हस्ताक्षराच्या फोटोवर बोटाने तांबड्या रेघा मारण्याची सोय आली, तिचे मी मनापासून स्वागत केले. ठरवलेल्या वेळी मजकूर आपोआप प्रसिद्ध व्हावा अशीही योजना आली. त्यामुळे सुविचार आता माझ्याही आधी उठतो. आणि मजकुराच्या तळाशी एक निळी पट्टी उमटू लागली. सगळे रामायण त्या पट्टीचे आहे.

सूनबाईंच्या वर्गातल्या एका मुलीने 'आमच्या शेतातील हुरडा' हा निबंध पाठवला. तिचे आजोबा फुलंब्रीच्या पुढे शेती करतात. निबंधात गोवऱ्यांची धग होती, कोवळी कणसे होती, तळहातावर दाणे चोळून देणारे आजोबा होते, झोपाळा होता, बैलगाडी होती. शेवटी आजोबा म्हणत होते, "पोरी, सगळ्या वर्गाला घेऊन ये." वाचताना माझ्या तोंडाला पाणी सुटले, आणि असे निबंध तपासताना मला सहसा फक्त ठसका लागतो. उणीव एकच होती. दिवस नव्हता आणि जागा नव्हती. कधी आणि कुठे हे न सांगणारे वर्णन मी उभ्या हयातीत मंजूर केलेले नाही. मी निबंध परत पाठवला: कधी? कुठे? खुणेसह लिही.

मुलगी आज्ञाधारक. तिने लिहिले: येत्या रविवारी सकाळी, अजिंठ्याच्या रस्त्याने फुलंब्री ओलांडली की डाव्या हाताला, वाकड्या बाभळीपाशी.

मी समाधानाने मंजुरीकडे वळलो, तोच निळी पट्टी उमटली. तिच्यावर लिहिले होते: 'या मजकुरात दिवस व ठिकाण आढळले. कार्यक्रम म्हणून जोडायचे का?' खाली दोन बटणे होती, 'होय' आणि 'नंतर'. दिवस मजकुरात होता. ठिकाण होते, बाभळीसह होते. मी 'होय' म्हटले.

सूनबाईंची हकिगत, जी मी त्या रविवारनंतर रोज ऐकतो, इथे सुरू होते आणि इथेच संपते. "बाबा, तुम्ही होय दाबलंत."

"मी दाबलं नाही. मला प्रश्न विचारला गेला, मी उत्तर दिलं."

"मशीनला उत्तरं द्यायची नसतात, बाबा. नंतर म्हणायचं आणि पुढं जायचं."

"प्रश्नाला 'नंतर' म्हणणारी पोरं मी वर्गाबाहेर उभी केलेली आहेत."

"म्हणूनच सांगते, दाबायच्या आधी मला हाक मारायची."

त्या 'होय'मुळे निबंध हे निमंत्रण झाले आणि वर्गातल्या सगळ्या पालकांच्या फोनवर गेले. त्यांच्यापुढे 'येणार' असे बटण आले. दुसऱ्या दिवशी निबंधाखाली 'येणार', 'सहकुटुंब येणार' अशा नोंदींची रांग लागली. मी ती वाचकांची दाद समजलो. लेखन इतके जिवंत असेल की वाचणाऱ्याला तिथे जावेसे वाटावे, याहून मोठी पावती कोणती? मीही 'येणार' दाबले. शिवाय मला खरोखरच जायचे होते. सूनबाई त्या आठवड्यात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली होत्या, हे त्यांच्या हकिगतीत कधीच येत नाही.

रविवारी मी मित्राच्या स्कूटरवर बसून निघालो. हा मित्र उर्दू शाळेतून निवृत्त झालेला चित्रकलेचा शिक्षक. त्याची नात त्याच वर्गात आहे. चौक्याचा घाट उतरेपर्यंत तो हुरड्याबरोबर दही बरे की चटणी, यावर बोलत होता. फुलंब्री ओलांडली आणि वाकडी बाभूळ दिसायच्या आधीच गाड्यांची रांग दिसली. बायकांच्या हातात डबे होते. कुणी शेंगदाण्याची चटणी आणली होती, कुणी दही, कुणी गूळ, कुणी गोडी शेव, कुणी रेवड्या. हुरड्याला जाताना रिकाम्या हाताने जायचे नाही, ही आमच्याकडची रीत सगळ्यांनी पाळली होती.

बांधावर मुलीचे आजोबा उभे होते. डोक्याला मुंडासे, हातात कुदळ. एवढी माणसे गंभीरपणे बांधावरून ओळीने येताना पाहून त्यांचा चेहरा उतरला. गर्दीत सर्वांत वयस्कर मी, म्हणून त्यांनी मला बाजूला घेतले.

"गुरुजी, खरं सांगा. कोन गेलं?"

"कुणी नाही. आम्ही हुरड्याला आलो."

"हुरडा?" त्यांनी आपल्याच शेताकडे नव्याने पाहिले. "इथं अद्रक हाय."

शेतभर आल्याचे वाफे होते. निम्मे खणून झालेले, निम्मे खणायचे. ज्वारीचे एक ताटही नव्हते. झोपाळा नव्हता. बैलगाडी कधीच विकली होती आणि बैल तिच्याही आधी. नात आजोबांच्या मागे उभी राहून त्यांच्या सदऱ्याचे टोक पिळत होती.

"काय गं, हुरडा कुठून आणला तू?" आजोबांनी विचारले.

"निबंधात असतोच," ती म्हणाली.

हे उत्तर बरोबर आहे. आमच्याकडे निबंधातल्या प्रत्येक शेतात हुरडा असतो, जसा प्रत्येक सहलीत सूर्यास्त असतो. निबंध खरा समजून कुणी जेवायला जात नाही. मुलीने पद्धत पाळली होती. पद्धत ज्याला माहीत नाही असा त्या सगळ्या व्यवहारात एकच होता, ती निळी पट्टी.

मुख्याध्यापिकाबाई सांगतात की निम्मा जिल्हा आला होता. हे अतिशयोक्तीचे उदाहरण म्हणून वर्गात वापरता येईल. एका वर्गाचे पालक आले होते, आणि काहींचे पाहुणे. जिल्ह्याच्या पार टोकाच्या सोयगावचे एक कुटुंब होते हे मान्य; पण ते एका मुलाचे मामा-मामी होते आणि आदल्या दिवसापासून शहरात मुक्कामाला होते. परदेशी पर्यटकही आले होते, या मुद्द्यावर बाईंचा विशेष भर असतो. ते जोडपे निमंत्रणावरून आलेले नव्हते. अजिंठ्याची लेणी पाहायला फर्दापूरकडे निघालेले असताना रस्त्याच्या कडेला इतक्या गाड्या पाहून, इथेही काही कोरलेले असावे, या समजुतीने ते थांबले. त्यांनी आल्याच्या ढिगाचे सर्व बाजूंनी फोटो काढले आणि रेवड्या खाल्ल्या.

आजोबांनी घरात निरोप धाडला, मोठे पातेले चढले, आणि आल्याचा चहा झाला. असा चहा मी आयुष्यात प्यालो नाही. पहिल्या घोटाला माझ्या दोन्ही कानांतून वाफ निघाल्यासारखे वाटले. मग लोकांनी हुरड्याशिवाय हुरड्याची चटणी खाल्ली, हुरड्याशिवाय हुरड्याचे दही खाल्ले, आणि वर पुन्हा चहा मागितला. पोरे वाफ्यांतून आले उकरायला लागली. जाताना प्रत्येकाच्या हातात मातीसकट एक गड्डा होता.

आता तिसरी हकिगत. मित्राचे म्हणणे असे की मी वाफ्यात पडलो. मी पडलो नाही. पालकांना शांत करण्यासाठी दोन शब्द बोलावेत म्हणून मी उंचवट्यावर उभा राहिलो, आणि बोलणे लांबणार असे लक्षात आल्यावर बसलो.

"मास्तर, तुम फिसले," तो म्हणतो. "आपनी आँखों से देखा मैं."

"मी बसलो."

"हौ, बैठे. मगर बैठने के पहले हवा में थे."

"उंचावरून बसताना माणूस क्षणभर हवेत असतोच."

"दोनों चप्पलां?"

चित्रकलेच्या माणसाला प्रमाणाचे भान असते असे मी आजवर समजत होतो.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावले. त्या एके काळी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत. त्यामुळे त्या मला 'सर' म्हणतात, पण त्या दिवशीचे 'सर' जरा ताठ होते. खोलीत सूनबाई होत्या, आणि पिशवी मांडीवर घेऊन मुलीचे आजोबा होते.

"सर, मंजुरीचं काम आता दुसऱ्या कुणाकडे द्यावं असं मला वाटतं," बाई म्हणाल्या. "उद्या कुणी चांदोबावरचा निबंध पाठवेल."

"चांदोबाला खूण नाही. मी परत पाठवीन."

सूनबाईंनी कपाळाला हात लावला. बाई आजोबांकडे वळल्या. "तुमची तक्रार असेल तर मोकळेपणानं सांगा."

"हाय ना," आजोबा म्हणाले. माझ्या हातातले हिरवे बटण गेलेच, असे मी समजलो. "तवापासून फोन थांबंना. हुरड्याला कधी येऊ, झोपाळ्याचं काय घेता. अद्रक हाय म्हणलं तर लोक खट्टू व्हतात. गुरुजींनी लिवून टाकावं, तिथं अद्रक हाय म्हनून. त्यांचं लोक वाचतात."

"एवढंच?" बाईंनी विचारले.

"आन् ते माझ्या वाफ्यात पडले, त्याचं काय नाय. मऊच हाय जमीन."

"मी बसलो होतो," मी म्हणालो.

"बरं, बसले," आजोबा उदारपणे म्हणाले आणि पिशवी माझ्यासमोर ठेवली. तीत आले होते.

बाई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांचे खांदे हलत होते, ते खोकल्यामुळे असावे. मग त्यांनी निर्णय दिला. मंजुरी माझ्याकडे राहील, अट एकच: त्या रविवारविषयी ज्या प्रतिक्रिया येतील त्यातली एकही परत पाठवायची नाही, एकही दुरुस्त करायची नाही. जशी येईल तशी मंजूर.

इतकी कडक अट मला नोकरीतही कुणी घातली नव्हती. मी ती मान्य केली, आणि पाळली. मुलांनी लिहिलेले 'गुरुजी सुपरमॅन' मंजूर केले. मित्राने माझे हवेतले चित्र काढून पाठवले. त्यात दोन्ही चपलाही हवेत होत्या, तेही मंजूर केले. आजोबांनी नातीकडून लिहून घेतलेली ओळ परवा आली: 'गुरुजी आमच्या अद्रकात पडले, उठवायला तिघं लागले, माणूस चांगला हाय, पुढल्या साली त्यांच्यासाठी कोपऱ्यात जवारी पेरतो.' ही ओळ मी दोनदा वाचली. एवढ्याशा ओळीत किती दुरुस्त्या होत्या ते माझे मला ठाऊक. मी हिरवे बटण दाबले.

उत्तर द्यायला मात्र मला बंदी नव्हती. मी त्या ओळीखाली लिहायला बसलो की बसलेल्या माणसालाही उठताना तीन जण हात देऊ शकतात, तो आदराचा भाग असतो. पण प्रतिक्रियेची चौकट चार ओळींत भरते, म्हणून हे सर्व इथे ब्लॉगवरच स्वतंत्र लिहिले. त्या शेतात आले आहे, हुरडा नाही, हे आजोबांच्या विनंतीवरून पुन्हा नमूद करतो.

मजकूर पुरा झाला आणि तळाशी निळी पट्टी उमटली आहे. दिवस व ठिकाण आढळले, कार्यक्रम म्हणून जोडायचे का, असे ती विचारते आहे. दिवस आहे. ठिकाण आहे. कोपऱ्यात ज्वारी येणार आहे.

"बाबा," सूनबाई स्वयंपाकघरातून विचारतात, "नंतर दाबलंत ना?"

"प्रश्न वाचतो आहे," मी म्हणतो.

चहाचे भांडे आपटून त्या बाहेर यायला निघाल्या आहेत.