पुन्हा लावा हो, गुरवदादा

आमच्या गावात देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी देवळात पोचले, तेव्हा साठीची मावशी हात जोडून विचारत होती, "आई, मी स्कूटर घेऊ का?"

डावी पडली.

"पुन्हा लावा हो, गुरवदादा. माझंच विचारायचं चुकलं."

पुन्हा डावी. मावशी हटेना. शेवटी उजवी पडली, तशी तिने टाळीच वाजवली. मला हसू आलं. कुठली पाकळी पडेल ते प्रारब्ध असेलही, पण पुन्हा लावायला सांगणं मात्र मावशीचं स्वतःचं होतं. देवीलाही असला हट्ट आवडत असावा.

बाहेर पायरीशी हार घातलेली कोरी स्कूटर उभी होती.

"मावशी, ही कधी घेतलीस?"

"परवाच. बस मागे."