माझा न वाजणारा कागद

मिनेगिशीबाई मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी मैदानावर आडवा होतो. चेंडू मीच वर उडवला होता आणि माझ्याच नाकावर घेतला होता. तोही इतक्या उंचीवरून, की तो खाली येईपर्यंत माझी चव्वेचाळीस वर्षं सविस्तर आठवून झाली. डोळे उघडले तर समोर टोपी घातलेली एक ठेंगणी बाई. "तोकुमारू सर, झेलायला हात असतात," एवढं म्हणून त्या पुढे गेल्या.

तोत्तोरीतल्या आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गशिक्षकाला सगळंच शिकवावं लागतं. वाचन, बेरीज आणि चेंडू फेकणंसुद्धा. वाचन मी बरं शिकवतो. शेजारचा वर्ग मिनेगिशीबाईंचा. अडतीस वर्षं पहिलीच. त्यांचे गुडघे जुन्या दारासारखे कुरकुरत, पण कुठल्याही मुलाला त्या आठवड्याभरात फेकायला शिकवत, आणि तेही चेंडूशिवाय. वर्तमानपत्राची घडी घालून केलेला कागदी फटाका हातात द्यायचा. हात कानामागून आला, कोपर पुढे निघालं आणि शेवटी मनगटाचा झटका बसला, तरच तो फट्कन उघडतो.

"मी कशाला ओरडू?" बाई म्हणायच्या. "चुकलं की कागदच गप्प बसतो."

माझा कागद अत्यंत अबोल होता.

नोव्हेंबरात माझा जाहीर पाठ लागला. म्हणजे क्रीडागृहात तीस शिक्षक सपाता घालून, वह्या उघडून भिंतीशी उभे, आणि प्रत्येकाच्या हातात माझा मिनिटामिनिटाचा आराखडा. तो मी बाईंच्या जुन्या आराखड्यावरून उतरवला होता, त्यामुळे त्यात लिहिलेलं होतं : 'बारावं मिनिट. शिक्षक कागद वाजवून दाखवतात.'

बाराव्या मिनिटाला मी हात फिरवला. शांतता. पुन्हा फिरवला. तीस पेन्सिली चालू लागल्या. तिसऱ्यांदा कागद निसटून मुख्याध्यापकांच्या पायाशी पडला.

कोतोने नावाची मुलगी उठून आली. "सर, तुम्ही माशी हाकलताय. आधी कोपर."

"असं?"

"हा खांदा झाला. कोपर हे."

पाच मिनिटांत अख्खा वर्ग माझ्या हाताला लटकून मला शिकवत होता. माझा कागद वाजलाच नाही. शिकवता शिकवता त्यांचे मात्र सगळ्यांचे वाजले.

नंतरच्या चर्चेला मी राजीनाम्याचा मसुदा मनात घेऊनच बसलो. पण आमच्याकडे तोंडावर कोणी 'तुमचं फसलं' म्हणत नाही. पहिले सर खाकरून म्हणाले, "न येण्याचं सोंग तोकुमारू सरांनी फार छान वठवलं." दुसऱ्यांनी ते लिहून घेतलं. तिसऱ्यांपर्यंत पोचेतो त्याची शिक्षणपद्धती झाली होती. खरं सांगायला मी अर्धा उठलो, तोच बाईंनी बाही ओढली.

"गप्प बसा. तुमच्या कागदाला जमतं, तुम्हाला जमायला काय झालं?"

फेब्रुवारीत तोच पाठ, तोच वर्ग घेऊन, जिल्ह्यातल्या दोनशे शिक्षकांपुढे करायचं ठरलं. बाई मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या, आणि जाता जाता त्यांना माझी दया आली. "अडतीस वर्षांत कागद न वाजवता माझ्या हातून कोणी सुटलं नाही. तुम्ही एकटे उरलात." मग रोज शाळा सुटल्यावर आमची शिकवणी.

"कोपर."

"काढलं की, बाई."

"ते कोपर नाही, तो नुसता विचार."

कागद शेवटच्या दिवसापर्यंत वाजला नाही. मी निर्धास्त झालो. नव्या आराखड्यात स्पष्ट छापलं होतं : 'बारावं मिनिट. शिक्षकांना जमत नाही.'

त्या मिनिटाला मी बेफिकीरपणे हात फिरवला आणि कागद असा वाजला, की पुढच्या रांगेतल्या एका सरांची वही पडली. मुलांनी टाळ्या पिटल्या आणि ती जागेवर बसली. मला शिकवण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. मागच्या रांगेत मिनेगिशीबाई रुमालाने डोळे पुसत होत्या. बाकी एकशे नव्व्याण्णव जण आराखड्यात बारावं मिनिट शोधत होते.

बाई मार्चमध्ये निवृत्त झाल्या. मला पुढच्या वर्षी सहावी मिळाली. तिथे खेळाचा तास दुसरे सर घेतात.